रॅम वाढवण्याआधी: सल्ला कोणाचा घ्यावा आणि तो कसा पडताळावा

घरातला संगणक संथ चालू लागला की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: रॅम वाढवून घ्या. शेजारी तेच सांगतो, ऑफिसातला सहकारी तेच सांगतो आणि दुकानदारही तेच सांगतो. पुष्कळदा हा सल्ला बरोबर असतो. पण ‘रॅम वाढवा’ असे म्हणणे आणि ‘तुमच्या संगणकात अमुक रॅम घाला’ असे सांगणे यांत फार अंतर आहे, आणि घेणाऱ्याचे पैसे वाया जातात ते याच अंतरात. चुकीची रॅम कधी स्लॉटमध्ये, म्हणजे ती खोचायच्या जागेत, बसतच नाही. कधी बसते, पण संगणक सुरू होत नाही. आणि सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे ती बसते, संगणकही सुरू होतो आणि पुढे काही दिवसांनी काम चालू असताना अचानक निळा पडदा येऊन संगणक बंद पडू लागतो. सांगणारा किती आत्मविश्वासाने बोलतो याकडे लक्ष न देता, त्याने आपल्या यंत्राची माहिती घेतली का आणि त्याचे म्हणणे आपल्याला स्वतःला तपासता येते का, या दोन कसोट्यांवर सल्ला घासून पाहिला, तर यातल्या बहुतेक चुका टळतात.

प्रोसेसर ज्या माहितीवर या क्षणी काम करत आहे ती ठेवण्याची जागा म्हणजे रॅम. संगणक बंद केला की ती रिकामी होते. हार्ड डिस्कवर किंवा एसएसडी या फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर माहिती कायम राहते, पण तिथून ती आणायला रॅमच्या मानाने कितीतरी जास्त वेळ लागतो. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवते आणि गरज पडताच परत आणते. ही ने-आण थोडी असेल तर जाणवत नाही. ती सतत चालू राहिली की ब्राउझरचा एक टॅब सोडून दुसऱ्यावर जायलाही काही सेकंद लागतात. रॅम वाढवल्याने नेमकी ही ने-आण कमी होते. ज्या संगणकात ती मुळात होतच नाही, त्यात रॅम दुप्पट केली तरी फारसा फरक पडणार नाही. म्हणून कोणती रॅम घ्यावी याच्याही आधी, रॅम खरोखर कमी पडते आहे का, हे पाहिले पाहिजे.

हे पाहण्यासाठी कोणाला विचारण्याची गरज नाही. नेहमीची सगळी कामे एकदम उघडी ठेवावीत, म्हणजे ब्राउझर, वर्ड, व्हिडिओ कॉल, जे काही रोजचे असेल ते; आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘मेमरी’वर क्लिक केले की एकूण रॅम, वापरातली रॅम, तिचा वेग, किती स्लॉटपैकी किती भरलेले आहेत आणि स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, डेस्कटॉपची आहे की लॅपटॉपची, हे सारे एका पानावर दिसते. इथे पुष्कळ लोक टक्केवारी पाहून घाबरतात. रॅम सत्तर टक्के भरलेली दिसली म्हणजे ती कमी पडते आहे असे नाही, कारण पुन्हा लागू शकणारी माहिती विंडोज मोकळ्या जागेत आपणहून साठवून ठेवते आणि कोणत्याही प्रोग्रॅमला जागा लागली की ती लगेच सोडून देते. खरे पाहण्यासारखे आकडे दोन आहेत. ‘अव्हेलेबल’ हा आकडा नेहमीच्या कामात सतत अर्ध्या जीबीच्या आसपास घुटमळत असेल आणि ‘कमिटेड’ या शब्दाखालचा पहिला आकडा, म्हणजे चालू प्रोग्रॅमांना देऊ केलेली एकूण मेमरी, प्रत्यक्ष रॅमपेक्षा बराच वर जाऊन तिथेच राहत असेल, तर रॅम वाढवण्याचा सल्ला तुमच्यासाठी बरोबर आहे. ‘रॅम साफ करणारे’ म्हणून जे फुकट प्रोग्रॅम सुचवले जातात, ते या साठवलेल्या माहितीलाच हुसकावून लावतात आणि ती पुन्हा डिस्कवरून आणायला लावतात. असा प्रोग्रॅम सुचवणाऱ्याचे पुढचे म्हणणे जपूनच ऐकावे.

याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचाही आलेख असतो. रॅम मोकळी आहे, पण डिस्क मात्र कित्येक मिनिटे शंभर टक्के व्यग्र आहे असे दिसले, आणि संगणकात फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क असली, तर पहिला खर्च एसएसडीवर करावा असे माझे ठाम मत आहे. ‘तुम्हाला रॅम नको, एसएसडी हवी’ असे जो सांगतो, तो सल्लागार भला माणूस समजावा. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असा जोडीचा त्रास असेल तर दोन्ही बदलावे लागतात, पण क्रम तोच ठेवावा. आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी: विंडोज ३२ बिटी आहे की ६४ बिटी. घरगुती ३२ बिटी विंडोज एकूण ४ जीबीपलीकडे पाहूच शकत नाही, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स व इतर यंत्रणांसाठी राखला गेल्याने हाती सव्वातीन-साडेतीन जीबीच लागते. अशा संगणकात ८ जीबी घालून काहीच मिळत नाही, आधी विंडोज बदलावी लागते.

रॅम खरोखर हवी आहे असे ठरल्यावर सल्ल्याची वेळ येते, आणि इथे चांगला सल्लागार ओळखण्याची खूण सोपी आहे. तो उत्तर देण्याआधी प्रश्न विचारतो. संगणक डेस्कटॉप आहे की लॅपटॉप? मदरबोर्डचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाचे, किंवा लॅपटॉपचे नेमके मॉडेल काय? प्रोसेसर कोणता? आत्ता किती स्टिक आहेत आणि त्यांच्यावर काय लिहिले आहे? काम कोणते? हे न विचारता कंपनीचे नाव आणि जीबीचा आकडा सांगणारा माणूस आपल्याला त्याच्या स्वतःच्या संगणकाबद्दल सांगत असतो. मदरबोर्डचे मॉडेल शोधण्यासाठी विंडोजच्या शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असे टाइप करावे. त्या यादीत ‘बेसबोर्ड’ने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये ते असते. लॅपटॉपचे मॉडेल बहुधा तळाच्या स्टिकरवर असते. सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक स्टिकवरच्या नोंदी वाचून दाखवतो, त्यामुळे लेबल निघून गेलेले असले तरी अडत नाही.

या प्रश्नांना इतके महत्त्व का, हे रॅमच्या पिढ्या पाहिल्या की कळते. रॅमची मानके जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर३ चे मानक २००७ साली, डीडीआर४ चे २०१२ साली आणि डीडीआर५ चे २०२० साली जाहीर झाले, आणि यांपैकी कोणतीही पिढी दुसरीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खालच्या कडेची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणजे जोर लावून बसवण्याचा प्रयत्न करणे हा स्लॉट मोडण्याचा मार्ग आहे. लॅपटॉपच्या आखूड स्टिकमध्ये हेच आकडे अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ असे आहेत. विजेचा दाबही प्रत्येक पिढीत उतरत गेला आहे: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. डीडीआर३ मध्येच १.३५ व्होल्टवर चालणारा डीडीआर३एल नावाचा पोटप्रकार आहे आणि तो दिसायला हुबेहूब डीडीआर३ सारखा असतो. इंटेलच्या चौथ्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर डीडीआर३एल मागतात. अशा लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ स्टिक बसते, खाच जुळते, आणि तरीही पडदा काळाच राहतो. दुकानात ‘डीडीआर३ द्या’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला हा फरक कोणी समजावून सांगेलच असे नाही.

स्टिकवरचे लेबल वाचता येणे हे या साऱ्या व्यवहारातले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबू या. समजा, लेबलावर ‘८ जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२-११’ असे छापले आहे. ‘८ जीबी’ ही क्षमता. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. इथे ‘पीसी३एल’ असते तर ती कमी व्होल्टची डीडीआर३ ठरली असती. ‘२६६६’ हा वेग, म्हणजे दर सेकंदाला इतके दशलक्ष व्यवहार. याच वेगासाठी काही लेबलांवर ‘पीसी४-२१३००’ असे मोठे आकडे छापतात. एका व्यवहारात ८ बाइट जातात, म्हणून वेगाला आठाने गुणले की तो आकडा येतो. ‘३२००’ आणि ‘२५६००’ हीही अशीच एकाच वेगाची दोन नावे आहेत. पुढच्या गटातला ‘यू’ फार महत्त्वाचा. ‘यू’ म्हणजे साध्या डेस्कटॉपची स्टिक, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आणि ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. कार्यालये आणि डेटा सेंटरे जुने सर्व्हर मोडीत काढतात तेव्हा त्यांतली ‘आर’ प्रकारची रॅम स्वस्तात बाजारात येते. डीडीआर४ पर्यंत ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतेही, पण घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. क्षमतेच्या मानाने किंमत फारच कमी दिसली, तर आधी हे एक अक्षर पाहावे.

राहिले ‘१आरएक्स८’. प्रोसेसर रॅमशी ६४ बिटांच्या रुंदीने बोलतो. ‘एक्स८’ म्हणजे स्टिकवरची प्रत्येक चिप ८ बिटांचा वाटा उचलते, तेव्हा एका संचाला आठ चिपा लागतात. ‘१आर’ म्हणजे असा संच एकच आहे. ‘२आरएक्स८’ असेल तर सोळा चिपा, आणि ‘१आरएक्स१६’ असेल तर फक्त चार. हे गणित कोणालाही बोटांनी मोजून तपासता येते, आणि जुन्या संगणकांसाठी ते निर्णायक ठरते. इंटेलच्या जी४१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरच्या भागांचा समन्वय करणाऱ्या चिपा) मदरबोर्ड आपल्याकडे घरोघरी आणि सायबर कॅफेंमध्ये वर्षानुवर्षे चालले. डीडीआर३ च्या बाबतीत त्या चिपसेटला एका चिपमध्ये २ गिगाबिटपर्यंतच क्षमता कळते. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी, तेव्हा ४ जीबीची स्टिक त्यात चालवायची तर तिच्यावर सोळा चिपाच असाव्या लागतात. नंतरच्या काळात बनलेली आठ चिपांची ४ जीबी स्टिक कितीही चांगल्या कंपनीची असली तरी तिथे चालत नाही. ‘४ जीबी डीडीआर३’ हा सल्ला शब्दशः बरोबर असूनही यंत्रापुरता चुकीचा कसा ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. असाच आणखी एक सापळा म्हणजे ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी स्वस्त डीडीआर३ रॅम. तिच्यात ४ बिटी चिपा वापरलेल्या असतात, त्या एएमडीच्या काही जुन्या मदरबोर्डांवर चालतात आणि इंटेलच्या घरगुती मदरबोर्डांवर चालत नाहीत. विकणारा खोटे बोलत नसतो, पण बारीक अक्षरांतली ती अट वाचली जात नाही.

मग शेवटचा शब्द कोणाचा? मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या माहितीपुस्तिकेचा, असे माझे उत्तर आहे. ती निर्मात्याच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या पानावर फुकट मिळते, आणि तिच्यात रॅमची पिढी, कमाल क्षमता, एका स्लॉटची मर्यादा आणि स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये आधी घालावी, हे चित्रासह दिलेले असते. प्रोसेसरच्या निर्मात्याचे पानही पाहावे, पण एकटे त्याच्यावर विसंबू नये. उदाहरणार्थ, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५-४५७० या प्रोसेसरची कमाल मर्यादा ३२ जीबी आहे. पण तोच प्रोसेसर एच८१ चिपसेटच्या मदरबोर्डवर असेल तर तिथे स्लॉट दोनच असतात आणि एका स्लॉटमध्ये ८ जीबीहून मोठी डीडीआर३ स्टिक चालत नाही, म्हणजे प्रत्यक्षातली मर्यादा १६ जीबी. प्रोसेसरचे पान वाचून सल्ला देणारा आणि मदरबोर्डची पुस्तिका वाचून सल्ला देणारा, दोघेही अधिकृत माहिती सांगत असतात, आणि उपयोगी पडते ती दुसऱ्याची.

मदरबोर्डचे निर्माते ज्या स्टिक त्यांनी स्वतः तपासल्या त्यांची यादीही देतात. तिचा अर्थ नीट समजून घ्यावा: यादीतली रॅम चालते एवढेच ती सांगते, यादीत नसलेली चालत नाही असे ती सांगत नाही. या याद्या बहुधा मदरबोर्ड नवा असताना केलेल्या असतात आणि त्यातल्या कित्येक स्टिक पुढे बाजारात मिळतही नाहीत. याउलट रॅम बनवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आपल्या संगणकाचे मॉडेल टाकून जुळणारी स्टिक शोधण्याची सोय असते. किंग्स्टनसारख्या कंपन्यांची ही सोय अनेक वर्षांची आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपसाठी तिचे उत्तर सहसा बरोबर येते. ती कंपनी आपलाच माल सुचवणार हे उघड आहे, पण स्टिकचा प्रकार आणि कमाल क्षमता यांची माहिती मात्र कोणाचीही रॅम घेताना कामी येते. एकाच यंत्रासाठी दोन कंपन्यांची उत्तरे ताडून पाहावीत. ती जुळली आणि पुस्तिकेशीही जुळली, तर शंकेला फारशी जागा राहत नाही. कधी कधी पुस्तिकेतली कमाल मर्यादा कमी असते आणि रॅम कंपनीचे पान जास्त दाखवते, कारण मोठ्या क्षमतेच्या स्टिक ते यंत्र बाजारात आल्यानंतर निघालेल्या असतात. अशा वेळी परत घेण्याची अट बिलावर लिहून घेतल्याशिवाय मोठी स्टिक घेऊ नये.

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलायचे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा आपल्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या माणसाच्या हाताखालून शेकडो यंत्रे गेलेली असतात. कोणत्या मदरबोर्डवर कोणती स्टिक रुसते हे त्याला पुस्तिकेपेक्षाही चांगले ठाऊक असू शकते, आणि स्टिक तिथेच लावून संगणक सुरू करून दाखवण्याची त्याची तयारी असेल तर तो सल्ला फार मोलाचा आहे. दुसरीकडे, त्याच्याकडे जो माल पडून आहे तोच तो सुचवणार, हेही स्वाभाविक आहे. दहाव्या पिढीच्या आय३-१०१०० या प्रोसेसरसाठी दुकानदार ३२०० वेगाची डीडीआर४ देतो, आणि घरी आल्यावर ती २६६६ वर चालताना दिसते. ग्राहकाला फसल्यासारखे वाटते. वास्तविक त्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच २६६६ आहे, आणि वेगवान स्टिक कमी वेगावर निमूटपणे चालते. यात फसवणूक नाही. मात्र त्या जादा वेगाचे जादा पैसे घेतले असतील, तर ते देण्याचे कारण नव्हते.

ओळखीच्यांना, किंवा तेच यंत्र वापरणाऱ्या अनोळखी माणसांना विचारायचे असेल, तर प्रश्न असा विचारावा की उत्तर देणाऱ्याला अंदाज बांधावा लागू नये. ‘माझा पीसी स्लो आहे, किती रॅम टाकू?’ या प्रश्नाला दहा जण दहा उत्तरे देतील. त्याऐवजी असे लिहावे: ‘एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय५-४५७० प्रोसेसर, ४ जीबीची एकच डीडीआर३ स्टिक, लेबलावर पीसी३-१२८००यू, दुसरा स्लॉट रिकामा, ६४ बिटी विंडोज १०, एसएसडी आहे. मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल आणि ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब एवढे काम. त्या वेळी कमिटेड आकडा साडेसहा जीबीच्या आसपास असतो. आणखी ४ जीबी पुरेल की ८ घ्यावी?’ या प्रश्नाचे उत्तर जाणकार माणूस दोन ओळींत देऊ शकतो: ४ घेतली तर एकूण ८ जीबी होऊन काम भागेल, ८ घेतली तर एकूण १२ होईल, आणि किमतीत फार फरक नसेल तर तीच घ्यावी. याहून चांगला जाणकार आणखी एक गोष्ट सांगेल. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तेव्हा चौथ्या पिढीच्या या यंत्रावर मोठा खर्च करू नये, किंवा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालण्याची तयारी ठेवावी. ज्या सल्ल्यात ‘इतकाच खर्च करा, याहून जास्त नको’ असे शब्द येतात तो मी अधिक गांभीर्याने घेतो.

हल्ली हेच प्रश्न एआय चॅटबॉटला विचारले जातात. ‘डीडीआर३एल म्हणजे काय’ असे समजून घेण्यासाठी तो बरा; पण विशिष्ट मॉडेलची कमाल मर्यादा किंवा स्लॉटची संख्या तो चुकीची असली तरी तितक्याच ठामपणे सांगू शकतो. म्हणून आकडा त्याच्याकडून घेतला तरी खात्री पुस्तिकेवरूनच करावी. व्हिडिओंमधला सल्ला बहुधा गेम खेळणाऱ्यांसाठी असतो. तो वाईट नसतो, पण घरगुती कामाला लागू पडत नाही.

वेगाच्या बाबतीत सर्वांत जास्त वाद घातले जातात, आणि थोडे गणित केले की ते निवळतात. मागितलेली माहिती यायला रॅमला किती चक्रे थांबावे लागते, तो आकडा ‘सीएल’ म्हणून छापतात. फक्त तो पाहून कमी-जास्त ठरवू नये. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की खरी प्रतीक्षा नॅनोसेकंदांत मिळते. ३२०० वेगाच्या सीएल १६ स्टिकला १० नॅनोसेकंद लागतात, तर त्याच वेगाच्या सीएल २२ स्टिकला १३.७५. डीडीआर५ मध्ये ४८०० वेगाला सीएल ४० असेल तर प्रतीक्षा साडेसोळा नॅनोसेकंदांच्या थोडी वर जाते. म्हणजे नवी पिढी या एका मोजमापात पुढेच असते असे नाही, तिचा फायदा एका वेळी जास्त माहिती वाहून नेण्यात आहे. हे फरक घरगुती कामात क्वचितच जाणवतात. त्याहून जास्त फरक पडतो तो एका मोठ्या स्टिकऐवजी दोन सारख्या स्टिक लावल्याने, कारण प्रोसेसर तेव्हा दोन वाटांनी एकाच वेळी माहिती घेऊ शकतो. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यात ग्राफिक्सही याच रॅममधून चालत असल्याने हा फायदा सर्वांत ठळक दिसतो. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालतात.

‘वेगवेगळ्या कंपन्यांची रॅम कधीही एकत्र लावू नये’ हा सल्ला गरजेपेक्षा कडक आहे. पिढी, प्रकार आणि व्होल्टेज जुळत असेल तर बहुतेक वेळा दोन्ही स्टिक त्यांतल्या मंद स्टिकच्या वेगाने व्यवस्थित चालतात. ४ आणि ८ जीबी एकत्र लावल्या तरी इंटेलचे बरेच संगणक त्यांतल्या ४ अधिक ४ जीबी दुहेरी वाटेने आणि उरलेल्या ४ एकेरी वाटेने चालवतात. मात्र डीडीआर५ मध्ये सावध राहावे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृतपणे ५२०० वेग मिळतो, चार लावल्या तर तोच ३६०० वर येतो. तिथे ‘आत्ता दोन घ्या, पुढे आणखी दोन घालू’ हा सल्ला चुकीचा आहे. हवी तेवढी क्षमता दोनच स्टिकमध्ये पहिल्यांदाच घ्यावी.

लॅपटॉपवाल्यांनी आधी एकच गोष्ट पाहावी: रॅम बदलता येते का. पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच जोडलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये स्टिकच्या प्रकाराजागी ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले तर ती बहुधा जोडलेलीच आहे, आणि अशा यंत्रांत स्लॉटचा आकडा भलताच दिसू शकतो. काही लॅपटॉपमध्ये अर्धी रॅम जोडलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो. निर्मात्याची दुरुस्ती-पुस्तिका मागचे झाकण उघडण्याआधी वाचली तर हे कळते.

खरेदीच्या वेळी किमतीबद्दलही जुना सल्ला चालत नाही. ‘थांबा, रॅम स्वस्त होतेच’ हे अनेक वर्षे खरे होते. पण एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर क्रुशियल या आपल्या घरगुती नाममुद्रेचा व्यवसाय बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. महागाईत जुन्या, काढलेल्या आणि नकली स्टिक नव्या म्हणून विकण्याचा मोह वाढतो. म्हणून जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर स्टिकचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि वॉरंटी दुकानदाराची आहे की कंपनीची, हे विचारावे. वापरलेली रॅम घेण्यात गैर काही नाही. ती दीर्घकाळ टिकते, आणि डीडीआर३ तर आता बहुतेक वेळा वापरलेलीच परवडते. पण ती चालवून पाहिल्याशिवाय आणि निदान आठवडाभराची परतीची मुदत मिळाल्याशिवाय घेऊ नये.

स्टिक बसवताना विजेची वायर काढावी, संगणकाचे बटण एकदा दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, धातूच्या कॅबिनेटला हात लावावा आणि मग स्टिक दोन्ही कडांनी धरून खटकेपर्यंत दाबावी. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि तिने पडदा येतोही, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड जास्त चांगले. डीडीआर५ चा संगणक नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा ठेवू शकतो, कारण तो रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाईने वीज बंद करू नये.

संगणक सुरू झाला की टास्क मॅनेजरमध्ये एकूण क्षमता आणि वेग पाहावा. जादा वेगाची रॅम मुद्दाम घेतली असेल आणि आकडा कमी दिसत असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, इंटेलच्या संगणकात एक्सएमपी आणि एएमडीच्या डीडीआर५ संगणकात एक्स्पो ही जादा वेगाची नोंद चालू करावी लागते. ती आपोआप चालू नसते. त्यानंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवून रात्रभर तपासणी होऊ द्यावी. एकही चूक दाखवली तर ‘एखादी चालते’ असे कोणीही म्हटले तरी ऐकू नये, कारण हाच दोष पुढे फायली बिघडवतो. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केले असेल तर ते बंद करून पुन्हा तपासावे. चूक तरीही आली तर एकेक स्टिक एकटी लावून पाहावी, आणि जी चूक दाखवते ती बिलासह मुदतीच्या आत परत करावी. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे बिल, स्टिकचा अनुक्रमांक आणि तपासणीच्या पडद्याचा फोटो सोबत ठेवावा.